बंदगी कोणाची : जमातीची की अल्लाहची?

धर्माचा समाजाला उपयोग काय, हा प्रश्न आता केवळ विद्वानांच्या चर्चेचा राहिलेला नाही. आपल्या घरातली मुले-मुली अकरावी-बारावीला समाजशास्त्र घेतात, पुढे बी.ए.ला घेतात, स्पर्धा परीक्षांसाठी त्याची टिपणे पाठ करतात. धर्म ही एक सामाजिक संस्था आहे, असे त्या टिपणांत लिहिलेले असते आणि त्याखाली धर्माची कार्ये क्रमवार मांडलेली असतात : समाजात ऐक्य राखणे, माणसाच्या वर्तनावर नियंत्रण ठेवणे, संकटात धीर देणे. मूल ते पाठ करते, उत्तरपत्रिकेत उतरवते, गुणही मिळवते. मनात मात्र एक काटा उरतो. धर्म हे समाजाला बांधून ठेवण्याचे साधन असेल, तर आपण सजदा करतो तो नेमका कोणाला?

या काट्यावर आपल्याकडे दोन घाईचे उपाय केले जातात. काही वडीलधारी सांगतात की हे शास्त्रच नास्तिकांचे आहे, ते परीक्षेपुरते वाच आणि विसरून जा. दुसरे काही जण उलट आनंदित होतात. बघा, पाश्चात्त्य पंडितांनीही मान्य केले की धर्माशिवाय समाज टिकत नाही, असे ते मिंबरवरून आणि मंचावरून सांगतात. पहिल्या उपायाने मुलाचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त गप्प होतो. दुसरा उपाय मला अधिक धोक्याचा वाटतो, कारण त्यात स्तुतीच्या बदल्यात आपण काय देऊन बसतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून समाजशास्त्राचे म्हणणे आधी नीट ऐकून घेऊ आणि मग कुरआन व सुन्नतच्या प्रकाशात ते पारखू.

पुस्तकातली उत्तरे

'समाजशास्त्र' या नावाने नवे शास्त्र मांडणारा फ्रेंच विचारवंत ऑग्युस्त कॉम्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेला. मानवी बुद्धी तीन अवस्थांतून जाते, असे त्याचे मत होते. आधी धर्माची, मग तत्त्वचिंतनाची आणि शेवटी विज्ञानाची अवस्था येते, आणि विज्ञान आले की धर्माचे काम संपते. गंमत अशी की याच कॉम्तला उतारवयात धर्माशिवाय समाज कसा चालणार, ही चिंता लागली आणि त्याने मानवतेचा एक नवाच धर्म रचला. त्यात सण होते, विधी होते, पूज्य व्यक्तींचे पंचांगही होते. फक्त ईश्वर नव्हता. तो धर्म फारसा पसरला नाही.

कार्ल मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला दिलेली अफूची उपमा सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याच लेखात त्याने धर्माला पिचलेल्या माणसाचा सुस्काराही म्हटले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याचा रोख असा होता की दुःख खरे आहे, त्यावरचा धार्मिक उतारा तेवढा खोटा. गरिबाला परलोकाचे गोड स्वप्न दाखवून त्याची मजुरी बुडवणारा श्रीमंत जगात झालाच नाही, असे आपण म्हणू शकत नाही. पण मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याचा आदेश ज्या प्रेषितांनी (स.) दिला, त्यांच्या दीनला सरसकट अफू म्हणणे हा न्याय नव्हे.

जर्मन विद्वान मॅक्स वेबर (१८६४–१९२०) याचा विचार अधिक सूक्ष्म आहे. १९०४-०५ मध्ये लिहिलेल्या त्याच्या प्रसिद्ध प्रबंधात त्याने युरोपातल्या काही प्रोटेस्टंट पंथांचा अभ्यास केला. हे लोक रात्रंदिवस आपल्या मोक्षाच्या चिंतेत असत. कष्ट हे ईश्वराने सोपवलेले कर्तव्य आहे असे मानत, चैन टाळत, वेळेचा हिशेब ठेवत. परिणामी त्यांच्या हाती भांडवल साठत गेले आणि एक नवी अर्थव्यवस्था उभी राहायला मदत झाली. वेबरचा मुद्दा असा की त्यांना भांडवलशाही उभी करायची नव्हती. ती त्यांच्या श्रद्धेचा नकळत झालेला परिणाम होती. हे लक्षात ठेवा, वाचकहो, कारण पुढे आपल्याला याची गरज पडणार आहे. वेबरचा इस्लामवरचा स्वतंत्र अभ्यास त्याच्या मृत्यूमुळे अपुराच राहिला. आपल्या दीनविषयी त्याने जागोजागी जी त्रोटक विधाने केली, त्यांत अनेक चुका आहेत, असे नंतरच्या अभ्यासकांनीच दाखवून दिले आहे.

दुर्खीमचा आरसा

या सर्वांत आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा विद्वान म्हणजे एमिल दुर्खीम. तो १८५८ मध्ये फ्रान्समधल्या एका यहुदी धर्मगुरूच्या घरी जन्मला. त्याचे आजोबा-पणजोबाही धर्मगुरू होते, पण त्याने स्वतः ती वाट सोडली. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्महत्येवरील ग्रंथात त्याने आकडेवारी मांडून दाखवले की जिथे माणूस धर्माने आणि कुटुंबाने इतरांशी घट्ट बांधलेला असतो, तिथे आत्महत्येचे प्रमाण कमी असते, आणि जिथे तो एकटा पडतो, तिथे ते वाढते. कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत हे प्रमाण अधिक, याचे कारण त्याने दोघांच्या शिकवणुकीत शोधले नाही. ते त्याने त्यांच्या सामुदायिक जीवनाच्या विणीत शोधले.

पुढे १९१२ मध्ये आलेल्या ग्रंथात त्याने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी टोळ्यांच्या धर्माचा विचार केला. तिथे तो स्वतः कधी गेला नव्हता, इतरांनी केलेल्या नोंदींवरच त्याने आपली इमारत उभारली. हे लोक वर्षातला बराच काळ अन्नाच्या शोधात विखुरलेले असत आणि ठरावीक प्रसंगी सारे कुळ एकत्र येई. मग गाणे, नाचणे, जागरण चाले. एकट्या माणसाला कधी न जाणवणारी शक्ती त्या गर्दीत प्रत्येकाच्या अंगात संचारे. ही शक्ती कुठून आली, हे त्यांना उमगत नसे, म्हणून ते तिचे श्रेय कुळाच्या चिन्हाला देत. एखादा प्राणी किंवा एखादी वनस्पती हे ते चिन्ह असे. आपल्याकडे मराठीत 'देवक' म्हणतात, त्याच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. दुर्खीमचा निष्कर्ष असा की चिन्ह देवाचेही तेच आणि कुळाचेही तेच, याचा अर्थ देव आणि कुळ ही दोन नावे एकाच वस्तूची आहेत. माणूस ज्याच्यापुढे वाकतो, ती त्याची स्वतःची जमातच असते, फक्त त्याला ते कळत नाही.

हे वाचून संताप येणे स्वाभाविक आहे. तरी क्षणभर थांबून विचारू या, की त्याने जे पाहिले ते सर्वस्वी खोटे आहे का?

इथे आपल्या मराठी मातीतले एक उदाहरण आठवते. समाजशास्त्राच्या थोर अभ्यासक इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी एक नवी व्याख्या त्यांना त्या वाटेवर सापडली. म्हणजे धर्म माणसांना कसा जोडतो, हे त्यांनी प्रत्यक्ष चालून पाहिले. पण त्याच लेखात त्यांनी आपले दुःखही लपवले नाही. वाट एक, भजन एक, ओढ एक, आणि तरीही जातीजातींची माणसे वेगळी चालत होती, वेगळी जेवत होती. हे वाचताना आपण दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. एका सफेत खांद्याला खांदा लावून उभी राहणारी आपली माणसे सोयरीक जुळवताना बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा किती चुलींवर विभागली जातात, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? जमात जोडते आणि जमातच तोडते. दुर्खीमने धरलेल्या आरशात आपलाही चेहरा दिसतो, हे नाकारून भागणार नाही.

इब्ने खल्दूनची साक्ष

युरोपात हे शास्त्र जन्मण्यापूर्वी सुमारे साडेचारशे वर्षे आपल्याच परंपरेतल्या एका आलिमने समाजाच्या चलनवलनाचे नियम शोधायला घेतले होते. अब्दुर्रहमान इब्ने खल्दून १३३२ मध्ये ट्युनिस येथे जन्मले आणि १४०६ मध्ये कैरो येथे वारले. तारुण्यातच प्लेगच्या साथीने त्यांचे आईवडील नेले. पुढे अनेक दरबारांचे राजकारण आणि तुरुंगवास पाहून झाल्यावर त्यांनी आजच्या अल्जेरियातल्या एका गढीत एकांतवास पत्करला आणि तिथे १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' लिहिला. ते मालिकी फिकहचे जाणकार होते, कैरोत काझीच्या पदावरही बसले. म्हणजे समाजाचा शास्त्रीय अभ्यास केला की ईमान जाते, ही भीती त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

त्यांचा मध्यवर्ती शब्द 'असबिय्यत' हा आहे. आपल्या माणसांसाठी उठून उभे राहायला लावणारी आपुलकी, असा त्याचा ढोबळ अर्थ करता येईल. राज्ये या शक्तीवर उभी राहतात आणि ती ओसरली की कोसळतात, असे त्यांचे निरीक्षण होते. धर्माविषयी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही एकत्रच वाचायला हव्यात. पहिली अशी की एखादी धार्मिक चळवळही माणसांच्या पाठबळाशिवाय जगात तडीस जात नाही. दुसरी अशी की दीन या पाठबळात जी भर घालतो, ती नुसत्या रक्ताच्या नात्याला कधीही घालता येत नाही. कारण दीन माणसांच्या मनातली परस्पर स्पर्धा आणि मत्सर मिटवतो आणि सर्वांचे तोंड एका सत्याकडे वळवतो.

दुर्खीम आणि इब्ने खल्दून यांच्यातला फरक इथेच आहे. दोघांनीही धर्माची जोडणारी शक्ती पाहिली. दुर्खीमला वाटले की माणसे एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत आणि त्या वर्तुळाच्या मध्यभागी त्यांचेच प्रतिबिंब आहे. इब्ने खल्दूननी पाहिले की माणसे एकमेकांकडे बघण्याचे सोडून एकाच दिशेला तोंड करतात, आणि म्हणून आपोआप जवळ येतात. वर्तुळ आणि सफ यांतला हा फरक आहे. आपली नमाज सफेत होते. तिथे शेजाऱ्याचा खांदा जाणवतो, पण तोंड किब्ल्याकडेच असते.

न मागता आलेले फळ

या मुद्द्याला अलीकडचा एक पुरावा आहे. पाकिस्तानात हजसाठी अर्ज करणाऱ्यांची निवड सरकारी सोडतीने होत असे. ज्यांचे नाव निघाले आणि ज्यांचे निघाले नाही, त्यांत चिठ्ठीवाचून दुसरा फरक नसतो, त्यामुळे त्यांची तुलना करणे रास्त ठरते. तीन अर्थतज्ज्ञांनी २००६ च्या सोडतीतल्या सोळाशेहून अधिक अर्जदारांना गाठून, हजनंतर काही महिन्यांनी त्यांची मते नोंदवली. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हाजींमध्ये नमाजची नियमितता वाढलेली दिसली आणि ताविजांसारख्या स्थानिक चालींवरचा भर कमी झालेला दिसला. आपल्याहून वेगळ्या वंशाच्या आणि पंथाच्या मुस्लिमांविषयी त्यांचे मत अधिक चांगले झाले होते, मुलींच्या शिक्षणाविषयी ते अधिक अनुकूल झाले होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपसातला बंधुभाव वाढला म्हणून इतर धर्मीयांविषयी कटुता वाढली नव्हती. उलट त्यांच्याविषयीचा सद्भावही वाढला होता.

जमातीची पूजा हाच धर्म असता, तर लाखोंच्या त्या मेळाव्यातून माणसे आपल्या जमातीचा अधिक अभिमान आणि परक्याविषयी अधिक दुरावा घेऊन परतायला हवी होती. तसे झाले नाही. आणि आणखी एक गोष्ट पाहा. यांपैकी कोणी सहिष्णुता शिकायला मक्केला गेले नव्हते. ते 'लब्बैक' म्हणत गेले, आपल्या गुन्ह्यांची माफी मागायला गेले. मनाचा मोठेपणा त्यांना वाटेत मिळाला. वेबरच्या प्रोटेस्टंटांनाही जे मिळाले ते न मागताच मिळाले होते. सूरह अल्-अन्फालच्या त्रेसष्टाव्या आयतीत अल्लाह आपल्या प्रेषितांना (स.) सांगतो की या लोकांची अंतःकरणे अल्लाहने जोडली, पृथ्वीवरची सगळी संपत्ती खर्चली असती तरी ती तुम्हाला जोडता आली नसती. ऐक्य हे विकत घेण्याची, ठरवून उभारण्याची वस्तू नव्हे. ते ईमानच्या झाडाला लागणारे फळ आहे.

नियत आणि फायदा

आता त्या स्तुतीकडे वळू, जिच्याविषयी मी सुरुवातीला सावध केले. नमाज हा उत्तम व्यायाम आहे, रोजा आरोग्याला हितकारक आहे, जकातने अर्थव्यवस्था सुधारते, जमातने एकी राहते, असे आपण वारंवार सांगतो. यांतल्या कित्येक गोष्टी खऱ्याही असतील. पण फिकहचा साधा विद्यार्थीही जाणतो की रक्ताच्या तपासणीसाठी दिवसभर उपाशी राहणाऱ्याचा रोजा होत नाही. भूक तीच, तास तेच, तरीही रोजा नाही, कारण नियत नाही. कर्मांचे मोल नियतवर आहे, ही हदीस इमाम बुखारींनी आपल्या संग्रहाच्या अगदी आरंभी ठेवली, ती उगाच नव्हे.

इब्ने खल्दूनचे समकालीन, ग्रॅनाडाचे इमाम शातिबी (निधन १३८८) यांनी शरीअतच्या उद्दिष्टांची चर्चा करताना मूळ उद्दिष्ट आणि अनुषंगिक उद्दिष्ट असा भेद केला. नमाजचे मूळ उद्दिष्ट अल्लाहपुढे नम्र होणे आणि त्याचे स्मरण करणे हे आहे. तिच्यामुळे मनाला विसावा मिळतो, माणूस दुष्कर्मांपासून परावृत्त होतो, हे अनुषंगिक. अनुषंगिक लाभ मूळ उद्दिष्टाच्या मागून चालत असतील, त्याला बळ देत असतील, तोवर त्यांचे स्वागत आहे. ते पुढे गेले आणि मूळ उद्दिष्ट मागे पडले, की उपासनेचे नुसते टरफल उरते.

यात केवळ आखिरतचाच तोटा आहे असे नाही, दुनियेचाही आहे. 'एकीसाठी नमाज' असे ज्याच्या मनात आहे, त्याला एकी दुसरीकडे मिळाली की नमाजची गरज संपते. एकी राजकीय पक्षात मिळते, खेळाच्या संघात मिळते, मोबाइलवरच्या गटात तर फुकट मिळते. कॉम्तच्या ईश्वरहीन धर्माचे काय झाले, ते आपण पाहिलेच. धर्म केवळ उपयोगी आहे म्हणून धरून ठेवणाऱ्याच्या हातून तो आणि त्याचा उपयोग, दोन्ही निसटतात.

हजरत इब्राहीम (अ.) यांचे उत्तर

दुर्खीमच्या दाव्याला मात्र अजून आपण पूर्ण उत्तर दिलेले नाही. माणूस देवाच्या नावाने जमातीलाच भजतो, हे त्याचे म्हणणे. वाचकहो, कुरआन वाचताना मला याचे उत्तर अशा ठिकाणी सापडले, जिथे ते असेल असे वाटले नव्हते. सूरह अल्-अनकबूतच्या पंचविसाव्या आयतीत हजरत इब्राहीम (अ.) आपल्या लोकांना सांगतात की अल्लाहला सोडून तुम्ही या मूर्ती धरून बसला आहात, त्या ऐहिक जीवनात तुमचे आपसातले प्रेमसंबंध टिकावेत म्हणून; आणि कियामतच्या दिवशी हेच तुम्ही एकमेकांना नाकाराल, एकमेकांचा धिक्कार कराल.

किती विलक्षण निदान आहे हे! आपसातल्या जिव्हाळ्यासाठी धरून ठेवलेली उपासना जगात असते, हे कुरआनने नाकारलेले नाही. दुर्खीमच्या हजार वर्षांहून अधिक आधी त्याने ते स्पष्ट शब्दांत सांगितले. फरक एवढाच की दुर्खीमने याला धर्माचे स्वरूप म्हटले, कुरआनने याला धर्माचा रोग म्हटले. आणि हा रोग केवळ दगडाच्या मूर्तीपाशीच जडतो असे समजण्याचे कारण नाही. ज्या गोष्टीला आपण सत्य म्हणून धरत नाही, केवळ आपले लोक दुरावू नयेत म्हणून धरतो, ती कोणतीही गोष्ट या आयतीच्या कक्षेत येते.

आणि हे सांगणारा कोण होता? ज्याचा बाप विरोधात, गाव विरोधात, राजा विरोधात, असा एक तरुण. देव म्हणजे समाजाचाच आवाज असेल, तर साऱ्या समाजाच्या विरुद्ध उभे राहण्याची आज्ञा इब्राहीम (अ.) यांना कोणाकडून मिळाली? नूह (अ.) यांना कोणाकडून मिळाली? मक्केत आपल्याच कुरैश कुळाचा बहिष्कार सोसणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांना कोणाकडून मिळाली? दुर्खीमच्या बाजूने असे म्हणता येईल की समाजाच्या मनात एक आदर्श समाजही असतो, आणि प्रेषित त्या उद्याच्या समाजाचा आवाज असतात. पण माणूस समाजाबरोबर चालला तर तो समाजाचा आवाज, आणि समाजाविरुद्ध गेला तर तोही समाजाचाच आवाज, असे म्हटल्यावर मग या सिद्धान्ताला खोटे ठरवू शकेल असे उदाहरण तरी कोणते उरले? ज्याला कशानेच बाध येत नाही, ते स्पष्टीकरण फार काही स्पष्ट करत नाही.

दुर्गंधी सुटलेली हाक

तेव्हा कसोटी हाती आली. आपण अल्लाहची बंदगी करतो की जमातीची, हे ओळखायचे असेल तर एकच पाहावे : आपला दीन आपल्या जमातीला 'नाही' म्हणू शकतो का?

प्रेषितांच्या (स.) काळातल्या दोन घटना इथे मार्गदर्शक आहेत. एका मोहिमेत एका मुहाजिरने एका अन्सारीला लाथ मारली. अन्सारीने अन्सारांना हाक दिली, मुहाजिरने मुहाजिरांना. प्रेषितांनी (स.) ते ऐकले आणि विचारले की ही अज्ञानकाळातली हाक इथे कशी? मग ती सोडून देण्याची आज्ञा केली आणि तिला दुर्गंधीयुक्त म्हटले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत आहे. विचार करा, 'मुहाजिर' आणि 'अन्सार' ही नावे घाणेरडी होती का? ती तर कुरआनने गौरवलेली नावे. पण सत्य-असत्य न पाहता आपल्या माणसांना गोळा करण्यासाठी तीच नावे पुकारली गेली, तेव्हा त्यांना दुर्गंधी सुटली. पवित्र नावही जमातीचा झेंडा होऊ शकते, हे यावरून कळते.

दुसरी घटना तफसीरच्या ग्रंथांत सूरह अन्-निसाच्या एकशे पाचव्या आयतीपासून पुढच्या आयतींच्या संदर्भात येते. रिवायतींच्या तपशिलात फरक आहेत, पण प्रसिद्ध वृत्तान्त असा : मदिनेत स्वतःला मुस्लिम म्हणवणाऱ्या एका माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका निरपराध यहुदीवर घातला. चोराचे नातलग एकवटले आणि आपल्या माणसाची बाजू घेऊन प्रेषितांकडे (स.) आले. तेव्हा वह्य उतरली. अपहार करणाऱ्यांच्या बाजूने भांडू नका, असे बजावले गेले आणि यहुदी निर्दोष ठरला. त्या काळी मदिनेतला मुस्लिम समाज लहान होता, चहूबाजूंनी शत्रू होते, एकजुटीची गरज पराकोटीची होती. केवळ एकजूट हाच धर्माचा हेतू असता, तर ही आयत उतरण्यासाठी याहून अडचणीची वेळ नव्हती. तरीही ती उतरली, आणि ती आजही आपण नमाजमध्ये पढतो.

आज आपल्यातले अनेक जण म्हणतात की सध्याचे दिवस बिकट आहेत, आधी एकी राखू, आपल्यातल्या उणिवा नंतर पाहू. या म्हणण्यामागची भीती खोटी नाही आणि मी तिची टवाळी करणार नाही. पण मदिनेचे ते दिवस आपल्याहून सोपे नव्हते, एवढे मात्र आठवून पाहावे.

आपली परीक्षा

ही परीक्षा मोठ्या व्यासपीठावर होत नाही, घरातच होते. बाप वारल्यावर बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. तिला नाही म्हणण्याची सोय नसते, कारण सही दिली नाही तर माहेर तुटते. मुलीचा वाटा तर खुद्द अल्लाहने सूरह अन्-निसात ठरवून दिला आहे. तो देताना 'लोक काय म्हणतील' आडवे येते. अशा वेळी त्या घरात हुकूम कोणाचा चालला? दीनदार, शिकलेला, नेक मुलगा केवळ दुसऱ्या बिरादरीचा म्हणून नाकारला जातो, तेव्हा कोणाची आज्ञा पाळली जाते? कर्ज काढून लग्नाचा मंडप सजतो, हुंडा 'भेट' या नावाने घेतला जातो, आणि मेहर मात्र कागदावरच राहते, तेव्हा कोणाची मर्जी राखली जाते? आपल्या मोहल्ल्यातल्या माणसाने दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याचे पैसे बुडवले आणि आपण 'आपलाच आहे' म्हणून गप्प बसलो, तर कोणाची हाक आपण ऐकली?

या प्रत्येक ठिकाणी दुर्खीम खरा ठरतो, आणि त्याला खरे ठरवणारे आपण असतो. बहिणीचा वाटा तिच्या हाती देणारा एकेक भाऊ त्याला खोटे ठरवतो. त्यासाठी मोठा ग्रंथ लिहिण्याची गरज नाही. सूरह अन्-निसाची एकशे पस्तिसावी आयत हेच शिकवते की न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. इतक्या स्पष्ट शब्दांत स्वतःच्या जमातीविरुद्ध साक्ष मागणारा ग्रंथ जमातीचे प्रतिबिंब कसा असेल?

यावरून कोणी असे समजू नये की जमात तुच्छ आहे. जमातने नमाज पढण्याचा सवाब अधिक आहे, आजाऱ्याला भेटणे, जनाज्याला जाणे, शेजाऱ्याचा हक्क राखणे हा दीनचाच भाग आहे. आपल्या भावाला मदत करा, तो जुलूम करणारा असो वा सोसणारा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. जुलूम करणाऱ्याला मदत कशी करायची, असे सहाबांनी विचारले, तेव्हा त्याचा हात धरून त्याला जुलमापासून रोखा, हीच त्याची मदत, असे उत्तर मिळाले. जमातीवरचे प्रेम असेच असावे. तिच्यासाठी रडावे, तिच्यासाठी झटावे आणि ती चुकली तर तिचा हात धरावा.

समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे की ते मन लावून शिका. माणसे एकत्र आल्यावर काय घडते, हे ते शास्त्र दाखवते आणि आपल्या ढोंगावरही नेमके बोट ठेवते. पण ते मोजू शकते ते एकत्र आलेल्या माणसांना. रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, घरातले सगळे झोपलेले असताना, जो माणूस एकटा उठून वुजू करतो आणि कोणाला कळू न देता दोन अश्रू ढाळतो, त्याच्या त्या सजद्यात कोणती जमात असते? उजव्या हाताने दिलेले डाव्यालाही कळू न देणाऱ्याच्या सदक्यात कोणता समाज असतो? तिथे फक्त बंदा असतो आणि त्याचा रब असतो. परीक्षेत पुस्तकातले उत्तर जरूर लिहा. सजदा कोणाला, याचे उत्तर मात्र त्या एकांतात शोधा, आणि जे सापडेल ते घेऊन मग सफेत येऊन उभे राहा.

अल्लाह आपल्या अंतःकरणांना इख्लास देवो, आपल्याच लोकांसमोर सत्य बोलण्याचे धैर्य देवो, आणि आपली एकी आपल्या ईमानचे फळ असू देवो. आमीन.